दुपारच्या तिसऱ्या तासिकेला ‘नेट जाते’ म्हणजे नेमके काय जाते?

नागपूरच्या जुन्या वस्तीतील आमची शाळा दोन सत्रांत भरते. सकाळचे सत्र सात वाजता सुरू होऊन बाराला सुटते आणि सव्वाबाराला दुपारचे सत्र भरते. मी दुपारच्या सत्रात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. वर्गात प्रोजेक्टर आणि त्याला जोडलेला संगणक आहे, दोन्ही सत्रांच्या कपाटांत प्रत्येकी ४० टॅब आहेत, व्हरांड्यात वायफायचा राऊटर आहे, म्हणजे साहित्य नोंदवहीत पाहिले तर काहीही कमी नाही. तरीही सलग दोन वर्षे आमची तिसरी तासिका, साधारण पावणेदोनच्या सुमाराची, आठवड्यातून तीन-चार वेळा हमखास अडत असे. कधी पडद्यावर गोल चक्र फिरत राही, कधी टॅब जोडलेच जात नसत, कधी प्रोजेक्टर अचानक काळा पडे, आणि या सगळ्याला वर्गाकडे एकच वाक्य होते : ‘‘सर, नेट गेलं!’’

त्यावरचा उपायही ठरलेला होता. शिपाईकाका राऊटरचे बटण बंद करून पुन्हा चालू करीत, मुले टॅब बंद-चालू करीत, आणि दहा-बारा मिनिटांनी बहुतेक वेळा गाडी रुळावर येई. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतून तेवढा वेळ गेला, की उरलेल्या वेळात चित्रफीत दाखवून होते, पण तिच्यावर एकही प्रश्न विचारून होत नाही. शाळेने इंटरनेटची योजना वाढवून वेग ५० एमबीपीएसवरून १०० एमबीपीएसवर नेला, दरमहा खर्च वाढला आणि अडचण जिथल्या तिथे राहिली. राऊटर बंद-चालू केल्यावर काम होत असल्यामुळे कारण शोधण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती, हे आज मागे वळून पाहताना कबूल केले पाहिजे. उतारा लागू पडतो म्हटल्यावर दुखणे कोणते, हे कोण विचारतो?

ज्या शाळांत हीच तक्रार वारंवार येते, त्यांच्यासाठी आम्ही ती कशी सोडवली हे क्रमाने लिहितो आहे. आमच्याकडे निघालेली सगळीच कारणे तुमच्याकडे असतील असे नाही, पण तपासण्याची रीत कोठेही चालावी.

दाराला टांगलेली वही

पहिले काम आम्ही केले ते तांत्रिक नव्हते. वर्गाच्या दाराला दोरीने एक वही टांगली आणि नियम केला की ‘नेट गेले’ असे तिच्यात कोणीही लिहायचे नाही. तारीख, घड्याळातील वेळ, पडद्यावर दिसलेली अक्षरे जशीच्या तशी, राऊटर आणि प्रोजेक्टर यांवरील दिव्यांचे रंग, आणि त्या वेळी वर्गात नेमके काय चालले होते, एवढेच लिहायचे. इंग्रजी संदेश वाचता आला नाही तर त्याचा फोटो काढायचा. हे काम नववीतील दोन मुलींकडे दिले, कारण शिक्षक त्या क्षणी चिडलेला असतो आणि चिडलेला माणूस नोंद नीट करीत नाही.

याच वहीच्या पहिल्या पानावर एक छोटी चाचणी लिहून ठेवली होती, आणि वेळ वाचवण्याच्या दृष्टीने ती सर्वांत उपयोगी ठरली. अडचण आली की संगणकाच्या ब्राउझरमध्ये राऊटरचा स्वतःचा पत्ता टाकायचा. तो बहुधा राऊटरच्या मागील चिठ्ठीवर छापलेला असतो, आमचा १९२.१६८.१.१ असा आहे. राऊटरचे पान उघडले आणि बाहेरची संकेतस्थळे उघडली नाहीत, तर खोट बहुतेक राऊटरच्या पलीकडे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीत असते आणि सेवा देणाऱ्याला फोन करणे योग्य ठरते. राऊटरचे पानच उघडले नाही, तर खोट आपल्या चार भिंतींच्या आत आहे आणि फोन करून काहीही निष्पन्न होणार नाही. ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते.

सहा आठवड्यांत वहीत एकवीस नोंदी झाल्या. त्यांपैकी बाहेरची जोडणी बंद पडल्याच्या नोंदी फक्त दोन होत्या. अकरा वेळा टॅबांना वायफायच मिळाले नव्हते, पाच वेळा प्रोजेक्टर बंद पडला होता आणि उरलेल्या तीन नोंदी संगणकाच्या होत्या. ज्याला आम्ही दोन वर्षे एक आजार समजत होतो, ते एकाच नावाखाली वावरणारे चार निरनिराळे आजार होते, आणि दरमहा पैसे मात्र आम्ही त्यांतील सर्वांत लहान आजारावर खर्च करीत होतो.

बिल्ले संपलेला सायकल स्टँड

टॅबांच्या अकरा नोंदींमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. मधल्या एका आठवड्यात चार दिवस टॅब विनातक्रार जोडले गेले होते. आमच्या सत्रात त्या आठवड्यात वेगळे काहीच घडले नव्हते. परंतु सकाळच्या सत्राच्या घटक चाचण्या त्याच दिवसांत होत्या आणि त्यांचे टॅब कपाटाबाहेर निघालेच नव्हते. त्यांनी टॅब वापरले की आमचे अडतात, हा सांधा जुळल्यावर कारण सापडायला फार वेळ लागला नाही.

वायफायवर येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला राऊटर एक क्रमांक देतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात, आणि हे वाटपाचे काम राऊटरमधील डीएचसीपी नावाची व्यवस्था करते. बाजाराच्या सायकल स्टँडवर जसे मोजके पत्र्याचे बिल्ले असतात, तसेच हे क्रमांक मोजके असतात. आमच्या राऊटरमध्ये ते १०० ते १९९ असे फक्त १०० होते, आणि एकदा दिलेला क्रमांक २४ तास त्याच उपकरणाच्या नावे राखून ठेवायचा, अशी मूळची मांडणी होती. आता हिशेब करा. कॅमेऱ्यांचे ८, कार्यालयातील संगणक व छपाईयंत्रे मिळून ६, सकाळच्या शिक्षकांचे फोन जवळजवळ ३० आणि सकाळचे टॅब ४०, असे ८४ बिल्ले बारा वाजेपर्यंत वाटले गेलेले असत. सकाळची मंडळी घरी गेली तरी बिल्ले त्यांच्याच खिशात राहत. उरलेले १६ आमचे शिक्षक सव्वाबाराला आत येताच त्यांच्या फोनना जात, कारण फोन ज्ञात वायफाय दिसले की न विचारता जोडला जातो. तिसऱ्या तासिकेला मी कपाट उघडले, की माझ्या चाळीस टॅबांसाठी स्टँडवर एकही बिल्ला नसे.

राऊटर बंद-चालू केल्यावर काम का होत असे, याचाही उलगडा यातच आहे. आमच्या राऊटरमधील वाटपाची यादी वीज जाताच पुसली जाते आणि सगळे बिल्ले पुन्हा मोकळे होतात. म्हणजे तो उपाय चालत होता, परंतु त्याची मुदत दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतच होती.

ही खोट ओळखण्याची खूण अशी. टॅबवर वायफायचे नाव दिसते, सिग्नलच्या कमानी पूर्ण असतात, मात्र जोडताना ‘ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस’ येथेच गाडी थांबते. विंडोज असलेल्या संगणकावर नेटवर्कचा तपशील उघडला आणि आयपी पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होताना दिसला, तर संगणकाला राऊटरकडून क्रमांक मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता क्रमांक लावून घेतला आहे, असे समजावे. या दोन खुणा दिसल्या तर इंटरनेटचा वेग कितीही वाढवला तरी उपयोग नाही. वाढीव वेग स्टँडच्या बाहेरील रस्ता रुंद करतो, आतील बिल्ले वाढवीत नाही.

दुरुस्तीला एक रुपयाही लागला नाही. राऊटरच्या पानावर डीएचसीपीच्या भागात जाऊन क्रमांकांची कक्षा १०० ते १९९ ऐवजी ५० ते २४९ केली, म्हणजे २०० क्रमांक मिळाले, आणि ‘लीज टाइम’ (क्रमांक राखून ठेवण्याची मुदत) या रकान्यातील १४४० मिनिटांच्या जागी ६० मिनिटे लिहिली. बाराला गेलेल्यांचे क्रमांक आता एक वाजेपर्यंत परत येतात. कॅमेरे आणि छपाईयंत्र यांना ज्यांनी हाताने कायमचे क्रमांक दिले असतील, त्यांनी ते नव्या कक्षेत येत नाहीत ना, हे आधी पाहावे. नाहीतर एकच क्रमांक दोघांकडे जाऊन नवीनच भांडण उभे राहते. शिक्षकांच्या फोनसाठी वेगळ्या नावाचे वायफाय सुरू केले आणि टॅबांच्या वायफायचा परवलीचा शब्द बदलला. या शेवटच्या निर्णयावर शिक्षक कक्षात आठवडाभर कुरबुर झाली, पण टॅबांच्या नोंदी त्यानंतर जवळजवळ थांबल्या.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की बिल्ला मिळाला तरी रस्ता सगळ्यांना एकच असतो. ७२०पी दर्जाच्या चित्रफितीला साधारण २.५ एमबीपीएस वेग लागतो. चाळीस मुलांनी एकाच वेळी तीच चित्रफीत आपापल्या टॅबवर लावली, तर १०० एमबीपीएसची अख्खी योजना त्यातच संपते, आणि एकाच घरगुती राऊटरला एवढ्या उपकरणांशी हवेतून बोलणे त्याआधीच अवघड जाते. राऊटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील, तर टॅबांसाठी दुसरा वापरावा. पहिल्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग १, ६ आणि ११ असे तीनच आहेत आणि दाट वस्तीत शेजारच्या दुकानांचे राऊटर ते आधीच भरून टाकतात. मात्र ५ गिगाहर्ट्झची लहर भिंती फारशा ओलांडत नाही. आमच्या इमारतीच्या भिंती हातभर जाड आहेत, त्यामुळे व्हरांड्यातील राऊटरकडून या पट्ट्यावरचे वर्गात काहीच पोहोचत नव्हते. सीताबर्डीच्या बाजारातून वायफाय पसरवणारा एक ॲक्सेस पॉइंट आणून लॅन केबलने तो वर्गातच बसवला, तेव्हा हा प्रश्न मिटला. वायफायची लहर वाढवणारे ‘रिपीटर’ दुकानदार स्वस्तात देऊ करतात, पण ते आलेलीच क्षीण लहर पुढे ढकलतात आणि बहुतेक स्वस्त साधनांत वेगही त्या ओघात घटतो. केबल ओढण्याचा त्रास एकदाच घ्यावा.

खरे तर एकच चित्रफीत चाळीस पडद्यांवर दाखवण्यात शिकवण्याच्या दृष्टीनेही काही हशील नाही. ती प्रोजेक्टरवर एकदा दाखवावी. टॅब काढायचे तर मुलांनी काहीतरी हाताळावे म्हणून काढावेत, आणि तेही चौघांत एक या हिशेबाने दहाच काढावेत. चौघांत एक टॅब असला की वाद होतो, आणि विज्ञानाच्या वर्गात मला तो वादच हवा असतो.

प्रोजेक्टर आणि आपले ऊन

दुसऱ्या जातीच्या पाच नोंदींमध्ये एक साम्य होते : वेळ दुपारी पावणेदोन ते साडेतीन, दिवस उन्हाचे, आणि प्रत्येक वेळी ‘थोड्या वेळाने आपोआप सुरू झाला’ हे वाक्य. हा बिघाड फार फसवा आहे. प्रोजेक्टर बंद पडतो, आपण माणूस बोलावतो, माणूस जिना चढून येईपर्यंत यंत्र थंड होते, बटण दाबताच सुरू होते, आणि येणारा माणूस आपल्याकडे संशयाने पाहून परत जातो.

विदर्भातील शाळा उन्हाळी सुटीनंतर राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मार्चपासून पुढे अनेक शाळा सकाळी भरवल्या जातात, ते याच उन्हामुळे. परंतु पाऊस लांबलेला जून, ऑक्टोबर आणि सत्राची वेळ बदलण्यापूर्वीचा मार्च हे दिवस आपण वर्गातच काढतो. वर्गात वापरले जाणारे बरेच प्रोजेक्टर ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, छताला टांगलेल्या यंत्राभोवतीची हवा बाकावर बसलेल्या मुलाच्या भोवतीच्या हवेपेक्षा अधिक गरम असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. आम्ही भिंतीवरचा साधा तापमापक एक दिवस बाकावर आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी प्रोजेक्टरशेजारी टांगला, तेव्हा पाच अंशांचा फरक आढळला. त्यात हवा आत घेणाऱ्या जाळीवर खडूची भुकटी बसली, तर यंत्राने श्वास तरी कोठून घ्यावा?

बंद पडण्यापूर्वी पंख्याचा आवाज वाढतो, नंतर ‘टेम्प’ अशा नावाचा किंवा तापमापकाच्या चित्राचा दिवा लाल होतो किंवा लुकलुकतो, आणि मग पडदा काळा होतो. हा क्रम दिसला तर वायर, संगणक, इंटरनेट यांपैकी काहीही तपासू नये. आम्ही केलेले उपाय सांगतो. दर पंधरवड्याला जाळी काढून मऊ ब्रशने झाडायची, धुण्याजोगी आहे असे पुस्तिकेत लिहिले असेल तरच धुवायची, आणि वाळल्याशिवाय बसवायची नाही. यंत्र छतापासून फूटभर खाली आणले. दिवा ‘इको’ स्थितीत ठेवला. उजेड कमी होतो, म्हणून पडद्याजवळच्या खिडकीला जाड पडदा लावला. फळा कोरड्या डस्टरऐवजी ओल्या फडक्याने पुसायचा. आणि तासिका संपल्यावर भिंतीवरचे मुख्य बटण लगेच खाली पाडायचे नाही. दिव्याच्या प्रोजेक्टरला रिमोटने बंद करून पंखा थांबेपर्यंत वीज द्यायची असते, अन्यथा आतली उष्णता आतच कोंडते आणि दिव्याचे आयुष्य घटते. यावर ‘वीज वाया जाते’ असा आक्षेप आमच्याकडे आला होता. नव्या दिव्याची किंमत दाखवल्यावर तो मागे घेतला गेला.

कूलरविषयी सावध राहावे. नागपुरात वर्ग थंड करायचा म्हणजे कूलर, हे ठरलेलेच. पण त्याचा झोत थेट प्रोजेक्टरवर सोडला तर ओलसर हवेबरोबर धूळ आत जाऊन चिकटते आणि ती ब्रशने निघत नाही. शिवाय कूलरची मोटार आणि संगणक एकाच बोर्डवर असतील, तर मोटार सुरू होताना दाब क्षणभर खाली येतो आणि संगणक किंवा डिजिटल फळ्याचे पॅनल स्वतःहून पुन्हा सुरू होते. आमच्या बाहेरच्या जोडणीच्या दोन नोंदींपैकी एक मागाहून अशीच निघाली : राऊटर ज्या बोर्डवर होता, त्याच बोर्डवर व्हरांड्यातील कूलर कोणीतरी लावला होता. राऊटर आणि संगणक यांना लहान यूपीएसवर घेतल्यावर तोही प्रश्न संपला.

संगणकाच्या तीन नोंदी

या लवकर सांगून होतील. वर्गातील संगणक फक्त तासिकेपुरता सुरू होतो, त्यामुळे विंडोजला अद्ययावत होण्यासाठी तासिकेशिवाय दुसरी वेळच मिळत नाही. सुरू होताच तो मागच्या मागे फायली उतरवू लागतो आणि शिक्षकाचे पान अडते. शनिवारी शाळा सुटल्यावर तो दोन तास चालू ठेवावा आणि अद्ययावत करूनच बंद करावा. दुसरी नोंद अशी होती की संकेतस्थळ उघडताना ‘तुमची जोडणी सुरक्षित नाही’ अशा अर्थाचा इशारा येत होता. खालच्या कोपऱ्यातील तारीख पाहिली तर ती कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली, की मुख्य बटण बंद होताच संगणक तारीख विसरतो, आणि तारीख चुकीची असली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटतात. बॅटरी काही रुपयांत कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. तिसरी नोंद चित्र मधूनच जाण्याची होती. पंधरा मीटरची स्वस्त एचडीएमआय केबल बदलली आणि संगणकच प्रोजेक्टरच्या जवळ आणून ती पाच मीटरवर आणली, तेव्हा तीही मिटली.

धडा जोडणीवर टांगलेला ठेवू नये

एवढी दुरुस्ती झाल्यावर दोन महिन्यांत फक्त तीनच नोंदी झाल्या. पण त्या तीन तासिकाही वाया का जाव्यात, हा प्रश्न उरलाच, आणि तो राऊटरचा नसून माझ्या पाठाच्या मांडणीचा होता. मी धडा असा बांधत होतो, की ऐन वेळी इंटरनेटवरून काहीतरी आल्याशिवाय तो पुढे सरकतच नसे.

दीक्षा हे सरकारचे डिजिटल शालेय साहित्याचे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड त्यावरील साहित्याकडे नेतात. महाराष्ट्रात पुस्तकांना असे कोड लावण्याची कल्पना पुढे नेणाऱ्यांमध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले होते. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. कोड उत्तमच आहे, परंतु तो दार आहे, दारामागचे सामान वर्गाच्या वेळी आत येऊ लागले तर चाळीस जण उंबऱ्यावर अडकतात. म्हणून साहित्य आदल्या दिवशीच ॲपमध्ये उतरवून ठेवावे. ते नंतर इंटरनेटशिवाय उघडते. प्लास्टिकचे वेष्टन घातलेल्या पुस्तकावरील कोड कॅमेऱ्याला वाचता येत नसेल, तर कोडखाली छापलेली सहा अक्षरे-अंकांची खूण ॲपमध्ये टाइप करावी, तेच पान उघडते. मुलांना ही खूण ठाऊक नसते आणि ती पुस्तक वाकडेतिकडे धरून पाच-पाच मिनिटे झगडत बसतात.

कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प २००२ साली भौतिकशास्त्रातील नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी सुरू केला. त्यातील नव्या पद्धतीची अनुरूपणे (सिम्युलेशन), म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे प्रयोग, एकेका फाइलच्या रूपात उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येतात आणि कोणत्याही ब्राउझरमध्ये इंटरनेटविना चालतात. त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत. भूमितीसाठी जिओजेब्राही संगणकावर एकदा बसवले की जोडणी मागत नाही. ज्या शाळेत एक जुना संगणक मोकळा आहे आणि थोडी हौस आहे, तिने कोलिब्री हे सॉफ्टवेअर पाहावे. ते शाळेतल्या शाळेत एका यंत्रावर साहित्य साठवते आणि टॅब वायफायवरून थेट त्या यंत्राकडून ते घेतात, बाहेरचे इंटरनेट लागतच नाही. मात्र बिल्ल्यांचा हिशेब येथेही सुटत नाही, कारण टॅबांना राऊटरकडून क्रमांक घ्यावाच लागतो. ती दुरुस्ती आधी करावी.

आता माझी दहावीची ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या प्रकरणाची तासिका कशी चालते, ते सांगतो. सुरुवातीला पडदा बंद असतो. फळ्यावर बहिर्गोल भिंग काढून मी विचारतो, की मेणबत्ती नाभीच्या दुप्पट अंतरावरून भिंगाकडे सरकवत आणली तर प्रतिमेचे काय होईल, आणि प्रत्येकाने आपले उत्तर वहीत पेनने लिहायचे, खोडायचे नाही. मग दहा टॅबांवर, आधीच उतरवून ठेवलेल्या अनुरूपणात, चौघेचौघे ते करून पाहतात. प्रतिमा मोठी होत होत दूर पळते आणि मेणबत्ती नाभीच्या आत येताच पडद्यावर ती मिळेनाशी होते, तेव्हा ज्यांनी वहीत काही भलतेच लिहिलेले असते, त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. शेवटी हात वर करण्याऐवजी मी प्लिकर्सची छापील कार्डे वापरतो : प्रत्येक मूल आपले कार्ड उत्तराप्रमाणे चार दिशांपैकी एकीकडे धरते आणि माझ्या एकट्याच्या फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरे टिपतो, म्हणजे जोडणी लागलीच तर एकाच फोनला लागते आणि ती माझ्या मोबाइल डेटावरही भागते. टॅब पूर्णच बंद पडले, तर तीच कृती टेबलावर भिंग, मेणबत्ती आणि पांढरा पुठ्ठा घेऊन करायची असते. साहित्य खोक्यात तयार असते. ते खोके काढावे लागले त्या दिवशीची तासिका उलट अधिक रंगली होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

दर जूनमध्ये परत येणारी गोष्ट

एक बिघाड वहीत येत नाही, कारण तो शाळा बंद असताना घडतो. पहिल्या वर्षी उन्हाळी सुटीनंतर कपाट उघडले तेव्हा चाळीसपैकी सात टॅब सुरूच झाले नाहीत आणि दोघांची पाठ फुगली होती. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी ठेवून दोन महिने सोडली, तर ती इतकी उतरते की पुन्हा भारच घेत नाही, आणि पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत ठेवली तर लवकर खराब होते. वरच्या मजल्यावरील बंद खोलीतील लोखंडी कपाट मे महिन्यात किती तापत असेल, याची कल्पना नागपूरकराला वेगळी द्यायला नको. आता सुटी लागण्यापूर्वी टॅब निम्मे भरून, पूर्ण बंद करून तळमजल्यावरील उत्तरेकडच्या खोलीत ठेवतो, रिमोटमधील सेल काढून घेतो आणि प्रोजेक्टरवर सुती कापड घालतो. फुगलेला टॅब चार्जिंगला लावू नये आणि टोचून दाबूनही पाहू नये. तो वेगळा काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

सुटीत मधे एकदा, साधारण मेअखेरीस, कोणीतरी येऊन टॅब पुन्हा निम्म्यापर्यंत भरावेत, असे ठरवले होते. मात्र गेल्या वर्षी कपाटाची किल्ली कार्यालयातील तिजोरीत आणि तिजोरीची किल्ली गावाला गेलेल्या लिपिकांकडे होती. यंदा कपाटाची किल्ली शिपाईकाकांच्या जुडग्यात घातली आहे, कारण सुटीत झाडांना पाणी घालायला रोज तेच येतात.